फरमेंटर न पाहिलेल्यांसाठी

ही पाठमाला ज्यांच्यासाठी तयार केली आहे त्यांनी सूक्ष्मजीव वाढवण्याची टाकी, म्हणजे फरमेंटर, बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. गोंदिया, आमगाव, देवरी, गडचिरोली, आणि आमच्या छत्तीसगडच्या बाजूला राजनांदगाव, दुर्ग, रायपूर इथल्या मराठी घरांतली ही मुलंमुली सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी., एम.एस्सी. करतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शक असतात, ऑटोक्लेव्ह असतो, इनक्युबेटर असतो. ग्राम स्टेनिंग येतं, पेट्रीप्लेटवर स्ट्रीक करता येतं. पण खालून हवा सोडलेला, पंखा फिरत असलेला, रात्री दोनला फेस वर चढला म्हणून कुणाला तरी धावायला लावणारा चालू फरमेंटर फार थोड्यांच्या वाट्याला येतो. यंत्र महाग असतं, चालवायला जाणता माणूस लागतो आणि एक बॅच तीन-तीन दिवस चालते. प्रॅक्टिकलच्या दोन तासांत ते बसत नाही. परीक्षेत मात्र त्याची आकृती हमखास विचारली जाते.

आकृती पाठ करून पास होता येतं. हवा सोडणारा स्पार्जर तळाशीच का बसवतात, टाकीच्या कडेला बॅफलच्या पट्ट्या कशाला लागतात, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. या गप्प बसण्यात मुलांचा दोष नाही. यंत्र पाहायला मिळालं नाही म्हणून त्यामागचा विचारही मिळू नये, हे मला कधीच पटलेलं नाही. बायोप्रोसेसिंगचा निम्म्याहून जास्त भाग हिशोबाचा आहे आणि हिशोबाला वही-पेन पुरतं. तेवढं घरी बसलेल्या मुलापर्यंत पोचवता येतं, एवढ्या विश्वासावर हे पाठ उभे आहेत.

रायपुरात बसून मराठीत कशाला, असं मला विचारलं गेलं. या भागाला ज्ञान वाटून घेण्याची एक जुनी वाट आहे आणि ती मराठी माणसांनीच पाडली. जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी, मासिक हिंदी. सप्रे पेंड्राला राहून काम करत, आणि जवळ भांडवल म्हणावं असं काही नव्हतं. मासिक तीन वर्षं चाललं आणि बंद पडलं. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने वैज्ञानिक परिभाषेचा कोश करायला घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचं काम सप्र्यांनी केलं. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारेही तेच. आज रायपुरात लाखेनगरच्या चौकातून रोज हजारो माणसं जातात. हे नाव कुणाचं ते त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्या भाषेतल्या वाचकाला गरज आहे त्या भाषेत लिहायचं, एवढं साधं या तिघांचं धोरण होतं. माझे विद्यार्थी घरी मराठी बोलतात, शाळा कुणाची मराठीत तर कुणाची हिंदीत झाली आहे, आणि पदवीला अचानक सगळं इंग्रजी येतं. म्हणून मी मराठीत सांगते. फरमेंटरला फरमेंटर आणि इनॉक्युलमला इनॉक्युलमच म्हणते, कारण उद्या नोकरीच्या ठिकाणी हेच शब्द कानावर पडणार आहेत.

फुकट आणि चांगलं साहित्य आधीच आहे, हे इथेच सांगायला हवं. आयआयटींच्या अध्यापकांनी एनपीटीईएलवर बायोरिअॅक्टरवर पूर्णच्या पूर्ण अभ्यासक्रम ठेवले आहेत. तो उपक्रम 2003 पासूनचा. 2017 मध्ये स्वयम् हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. मराठी विश्वकोश तर घरबसल्या वाचता येतो. मी विद्यार्थ्यांना हे सगळं बघायला लावते. अडचण एवढीच की अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम डिफरन्शियल समीकरणापासून सुरू होतात, आणि बारावीनंतर गणित सोडलेली बी.एस्सी.ची मुलगी पहिल्या वीस मिनिटांत व्हिडिओ बंद करते. ती तिथवर पोचावी म्हणून मधल्या पायऱ्या बांधायच्या, इतकंच या पाठांचं काम आहे.

त्यातली पहिली पायरी इथेच दाखवते. तीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. साखर मात्र त्याच लिटरमध्ये वीस ग्रॅम सहज घालता येते. जोमात वाढणारं दाट कल्चर तासाला लिटरमागे 50 मिलिमोल, म्हणजे 1.6 ग्रॅम ऑक्सिजन ओढतं. हे सेकंदावर आणा: 1,600 मिलिग्रॅम भागिले 3,600 सेकंद, सेकंदाला 0.44 मिलिग्रॅम. आता साडेसातला 0.44 ने भागा. उत्तर येतं सतरा. हवा बंद पडली तर साखर कित्येक तास पुरेल, ऑक्सिजन सतरा सेकंदांत संपेल.

हा सतराचा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढला की फरमेंटरची आकृती बोलायला लागते. हवा सतत का सोडावी लागते हे कळतं. स्पार्जर तळाशी असतो, कारण बुडबुड्याला सगळा रस्ता द्रवातून कापायला लावायचा असतो. पंखा बुडबुडे फोडून बारीक करतो, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग वाढतो. बॅफल नसतील तर पंख्याबरोबर सगळा द्रव एकसंध गोल फिरत राहतो आणि मधे भोवरा पडतो, मिसळणं होतच नाही. वीज गेली की कारखान्यात धावपळ का उडते, जनरेटर काही सेकंदांत का सुरू व्हावा लागतो, हेही याच सतरात आहे. पाठ्यपुस्तकात या गोष्टी चार वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात.

दुसरा हिशोब उष्णतेचा, आणि तो रायपूरच्या माणसाला जास्त जवळचा. सूक्ष्मजीवांनी वापरलेल्या दर मिलिमोल ऑक्सिजनमागे साधारण 460 ज्यूल उष्णता बाहेर पडते. वरच्याच कल्चरमध्ये तासाला 50 मिलिमोल, म्हणजे लिटरमागे 23 किलोज्यूल. थंड करायची सोय नसेल तर द्रव तासाला साडेपाच अंशांनी तापत जाईल. लिटरभराच्या काचेच्या भांड्यात याचं काही वाटत नाही, कारण भांडं बाजूंनी उष्णता सोडत राहतं. पण तोच आकार दहा हजार लिटरपर्यंत वाढवा. आकारमान दहा हजार पट होतं, पृष्ठभाग मात्र 464 पटच वाढतो, म्हणजे दर लिटरच्या वाट्याला एकविसाव्या हिश्श्याइतकीच भिंत येते. आणि आत चौसष्ट किलोवॅट उष्णता तयार होत असते, दोन किलोवॅटचे बत्तीस गीझर एकदम लावावेत तशी. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात का फसते, याच्या उत्तराची सुरुवात इथून होते.

मग ही उष्णता बाहेर काढायची कशी? बहुतेक ठिकाणी कूलिंग टॉवरच्या पाण्याने. विद्यार्थ्यांना वाटतं, रायपूरच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा टॉवरची सगळ्यात वाईट अवस्था असणार. मी त्यांना घरच्या कूलरकडे बघायला सांगते. मेमध्ये खसच्या पडद्यातून येणारी हवा गार असते आणि जुलैत, पाऊस पडून तापमान तिशीवर उतरलेलं असताना, तोच कूलर चिकचिक वाढवतो. टॉवरही पाण्याच्या बाष्पीभवनावरच चालतो. हवा कोरडी असेल तर पाणी भरपूर उडतं आणि उरलेलं गार होतं. हवा आधीच ओली असेल तर ते गार व्हायचं थांबतं. म्हणून आपल्याकडे थंड पाण्याची खरी परीक्षा श्रावणात असते. ओल्या फडक्याच्या तापमापकाचा तक्ता पाठ करणाऱ्या मुलाला हे लगेच सुचत नाही. कूलरमध्ये बादलीने पाणी भरलेल्या मुलाला सुचतं.

इथून मी स्वयंपाकघरात शिरते. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया पडतात. विदर्भातून आलेल्या घरांनी ही रीत सोडलेली नाही. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं, दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास यायला लागतो. मग गहू वाटून गाळतात, चोथा वेगळा होतो, चीक रात्रभर ठेवला की पांढरा थर खाली बसतो आणि पिवळसर पाणी वर येतं. ते सकाळी मोरीत ओतून देतात. भिजवणं, दळणं, गाळणं, निवळणं: कारखान्यात मक्यापासून स्टार्च काढतात तो याच क्रमाने. गव्हाच्या आंबण्याचं काम ज्या लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंकडे असतं, तेच मक्याच्या भिजवणीतही वाढतात.

मक्याच्या त्या पाण्याची एक गोष्ट आहे. 1941 साली इंग्लंडमधून हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली पेनिसिलीनची बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. ऑक्सफर्डमध्ये ती बेडपॅनसारख्या भांड्यांत वाढवत होते आणि उत्पादन इतकं तुटपुंजं होतं की एका रोग्याला पुरेसं औषध जमवणं मुश्किल. इलिनॉय राज्यात पिओरिया इथे शेतकी खात्याची प्रयोगशाळा होती. सगळा मुलूख मक्याचा, आणि स्टार्चच्या गिरण्यांतून मका भिजवलेलं, आटवलेलं पाणी भरमसाट निघायचं. त्याचं करायचं काय हा तिथला प्रश्नच होता. अँड्र्यू मॉयर यांनी ते माध्यमात घालून पाहायला सुचवलं आणि पेनिसिलीन कितीतरी पटींनी वाढलं. त्या पाण्यात अमिनो आम्लं होती, जीवनसत्त्वं होती, क्षार होते, शिवाय ‘पेनिसिलीन जी’ हा प्रकार घडवायला बुरशीला लागणारा कच्चा मालही होता. मोरीत जाणाऱ्या पिवळ्या पाण्याकडे माझे विद्यार्थी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघतात, आणि त्यांच्या आयांनाही ही गोष्ट आवडते.

याच गोष्टीचा उरलेला भाग मी मुद्दाम सांगते. हीटली यांनी आपल्याला येत होतं ते सगळं मॉयरना शिकवलं. पुढे काम रंगात आलं तसे मॉयर हातचं राखून बोलायला लागले. निष्कर्ष छापले गेले तेव्हा त्यांवर हीटलींचं नाव नव्हतं, आणि उत्पादनपद्धतीची पेटंटं मॉयर यांच्या नावावर झाली. किण्वनाच्या धंद्यात हा स्वभाव नंतर मुरतच गेला. कोणती जात, कोणत्या माध्यमात, किती हवेवर, हे वहीत लिहून कपाटात बंद. धंद्याची गरज मला समजते. पण शिकवण्याच्या जागीही तीच सवय उतरली की नुकसान होतं, आणि ते नेहमी लांबच्या गावातल्या मुलाचं होतं.

आपल्याकडचा इतिहास यापेक्षा मोकळा आहे. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन निघायला लागलं. पिंपरीच्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं, आणि त्या जिवाणूला गावाचंच नाव मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह 1951 पासून आहे. देशभरातली कॉलेजं आजही तिथून कल्चर मागवतात. नागपूर-रायपूरकडच्या विद्यार्थ्याला ही नावं अभ्यासक्रमात भेटत नाहीत. त्याला पाश्चर आणि फ्लेमिंग मात्र पाठ असतात.

पाठमालेचा सगळ्यात मोठा विभाग मी बिघाडाला दिला आहे. औद्योगिक वसाहतीत ‘बॅच गेली’ हे दोन शब्द ज्याने ऐकले त्याला त्यांचं वजन ठाऊक असतं. का गेली, हे फाटकाबाहेर येत नाही. म्हणून कारणं सांगितली पाहिजेत: चिरलेलं गॅस्केट, ओला झालेला हवेचा फिल्टर, वाफ पोचत नाही असा पाइपचा आंधळा तुकडा. थंड पाण्याच्या नळीला सुईएवढं भोक पडलं तर बाहेरचं पाणी आत शिरतं. टाकीत नेहमी थोडा जास्त दाब ठेवतात तो बाहेरचं काही आत शिरू नये म्हणूनच.

यातला सर्वांत जड धडा एका बाटलीचा आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. जिवाणू वाढवायला ते मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. थेंबाच्या खालच्या अंगाला चिकटून वाढ खाली लोंबत येई, गुहेच्या छतावरून चुनखडी लोंबावी तशी. फ्लास्कला धक्का न लावता हे आठवडेच्या आठवडे चाले. पुढे 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबात मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने गेले, आणि हे एकोणीसही जण 53 एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचं पद गेलं.

मग बारकाईने पाहिलं गेलं तेव्हा उलगडलं ते असं. मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि ज्योतीत तापवण्याऐवजी तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जिवाणू माध्यमात वाढले की घाण वास सुटतो. बाटली उघडताना कुणालाच वास आला नव्हता. ती परळहून दूषित होऊन निघाली असती तर इतक्या दिवसांत आत वाढ झाली असती आणि बूच काढताच कळलं असतं; म्हणजे घाण शिरली ती उघडण्याच्या घडीला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै 1907 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. तोवर पाच वर्षं गेली होती. ज्योतीत चिमटा का धरायचा, हे मी यापुढे कसं सांगणार आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. आणि न आलेल्या वासावरूनही निष्कर्ष काढता येतो, हे शास्त्र शिकणाऱ्याला या बाटलीइतकं नीट कुठेच दिसत नाही.

आता मर्यादा. पडद्यावरून हात शिकवता येत नाही. लूप लाल झाल्यावर किती थांबायचं, अगरला टेकवताना चर्रकन आवाज आला तर समजायचं की घाई झाली, पिपेट सोडताना बोट किती ढिलं करायचं, हे शेजारी उभं राहून सांगावं लागतं. 2020 च्या मार्चनंतर प्रयोगशाळांना कुलपं लागली तेव्हा मुलांनी प्रॅक्टिकलच्या वह्या व्हिडिओ बघून भरल्या. त्या तुकड्यांचं जे राहिलं ते अजून भरून निघालेलं नाही. म्हणून रायपूर, भिलाई, नागपूर इथल्या ज्या संस्थांकडे चालू फरमेंटर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: उन्हाळ्यात आठवडाभर तरी तो लहान गावांतल्या मुलांसाठी उघडा ठेवा. हिशोब करून आलेली मुलं असतील. आठवड्यात खूप काही घेऊन जातील.

आणि एक सक्त सूचना. घरी अगर ओतून नाल्याचं पाणी, जखमेचा पू, मोबाइलचा पडदा यांवरून काही वाढवायचं नाही. आंतरजालावर असे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि ते धोक्याचे आहेत, कारण एका न दिसणाऱ्या जिवाणूचे तुम्ही कोट्यवधी करता आणि ते कुठे टाकायचे याची सोय घरात नसते. या पाठांतले घरचे सगळे प्रयोग रोजच्या खाण्याचे आहेत: दही, इडलीचं पीठ, कुरडईचे गहू, आणि इथल्या घरोघरी रात्री भातात पाणी घालून ठेवतात ती बासी.

पहिल्या पाठाला बसण्यापूर्वी एवढं करून या. दूध उकळून कोमट होऊ द्या, तापमापक असेल तर बेचाळीस अंशांपर्यंत. तीन सारख्या वाट्यांत सारखं दूध घ्या. एकीत चमचाभर विरजण, दुसरीत अर्धा चमचा, तिसरीत पाव, नीट ढवळून. तिन्ही एकाच कोमट पाण्याच्या पातेल्यात झाकून ठेवा, पाणी निवलं तर गरम घालत राहा, आणि तिसऱ्या तासापासून दर दहा मिनिटांनी वाटी हलकेच कलती करून बघा. प्रत्येकीची लागण्याची वेळ लिहा. अर्धा चमचा म्हणजे निम्मे जिवाणू. त्यांना चमचाभरवाल्यांच्या बरोबरीला यायला एकदा दुप्पट व्हावं लागतं. पाववाल्यांना दोनदा. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या वाटीच्या वेळांतला फरक साधारण त्या जिवाणूंच्या दुप्पट होण्याचा काळ असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाटीतला फरकही जवळपास तेवढाच यायला हवा. नाही आला तर का नाही आला, याचा अंदाज दोन ओळींत लिहून ठेवा. त्या दोन ओळी घेऊन या. पाठ तिथूनच सुरू होतो.